मदत हवी आहे : बाळाची सुंता करावी की नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. काल पहाटे मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. आज सकाळी नर्सने लशीच्या कागदासोबत सुंतेचं संमतीपत्रही पुढे केलं, अगदी रोजचं काम असल्यासारखं. इथे धर्माचा संबंध नसला तरी सर्रास करतात हे ऐकून होतो, पण सही करायची वेळ आपल्यावर येईल हे डोक्यातच नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, निर्णय तुमचा. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली फायदे धोक्यांपेक्षा जास्त असल्याचं म्हटलं, पण सरसकट करा असंही म्हटलं नाही. पहिल्या वर्षात लघवीचा जंतुसंसर्ग कमी होतो म्हणे. पण मुलग्यांत तो मुळातच कमी, शंभरेक सुंतांमागे एखादा टळतो. तेवढ्यासाठी कात्री लावायची?

बायको ठाम नाही म्हणते. माझं मन मात्र डळमळतंय, पुढे शाळेत वेगळा पडला तर? (आपल्याला कुणी विचारलं होतं का कधी!) आईला अजून सांगितलेलंच नाही. तिचं भलतंच, आंघोळीला कातडी मागे ओढून साफ करायची. डॉक्टरांनी ओढायला सक्त मनाई केलीय. जन्मतः ती चिकटलेलीच असते, सुटायला काही वर्षं लागतात.

ज्यांनी केली नाही, त्यांच्या मुलांना पुढे काही त्रास झाला का? डेकेअरवाल्यांना काय सांगून ठेवलंत? आणि आईला कसं समजावू? उद्या दुपारी डिस्चार्ज आहे.