बन्नीत नुसतं पाणी सोडून भागणार नाही

एकांनी लिहिलंय की कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात गोडं पाणी सोडलं की मीठ धुऊन जाईल आणि गवत येईल, पण नुसतं मीठ असतं तर ठीक होतं हो. जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलंय आणि पीएच (माती किती आम्ल की अल्कली याचं माप) ८.५ च्या वर गेलाय तिथे गोड्या पाण्याने उलट चिकणमाती सुटी होऊन छिद्रं बुजतात, वर कडक पापुद्रा धरतो, पाणी मुरतच नाही. आपल्या बडोद्याच्या मातीवरून अंदाज बांधू नका. बन्नीतलं एक सुकं ढेकूळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये न हलवता ठेवून बघा, सोडियम जास्त असेल तर भोवती दुधाळ ढग पसरतो. आधी जिप्सम हे खनिज मातीत घालायचं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, मग पाणी. पण जवळपास २,५०० चौरस किलोमीटरला जिप्सम कुठून आणणार? त्यापेक्षा तिथलं खारं सोसणारं गवत जपा, चराई आवरा, कृपा करून.