मुख्य खलनायक वेळेआधीच पडला तेव्हा तुम्ही काय केलेत? (अनुभव धागा)

धागाकर्ता, पुणे

दीड वर्ष चालेल अशा बेताने आखलेल्या माझ्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचण्याच्या खेळाच्या) कॅम्पेनमधला, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेतला, मुख्य खलनायक सहाव्याच सेशनमध्ये मारला गेला. (मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा; बाकीचे एकेक पात्र खेळतात.) तो राज्याचा राजगुरू होता, आणि त्या रात्री त्याने मेजवानीला येऊन, चार गोड शब्द बोलून आणि पात्रांच्या मनात संशय पेरून निघून जावे, एवढेच मी ठरवले होते. विझार्डने (जादूगार पात्राने) ‘होल्ड पर्सन’ हा जखडणारा मंत्र टाकला, राजगुरूच्या सेव्हला (मंत्रातून सुटण्यासाठीच्या फाशाला) चारच पडले, आणि तो जागच्या जागी थिजला. थिजलेल्यावर पाच फुटांच्या आतून केलेला प्रत्येक यशस्वी वार क्रिटिकल ठरतो (इजेचे फासे दुप्पट होतात), हे आमच्या पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) तोंडपाठ आहे. पाचव्या लेव्हलला त्याला एका पाळीत दोन वार मिळतात. त्या दोन्हींवर त्याने दुसऱ्या स्तराचे स्माइट (वाराला जोडायची जादा दैवी इजा) लावले, म्हणजे प्रत्येक वाराला आठ डी-आठ (आठ बाजूंचे आठ फासे) आणि वर ताकदीचे चार. राजगुरूचे हिट पॉइंट (हे संपले की पात्र पडते) ७८ होते. (२०२४ च्या नियमांत स्माइट एका पाळीत एकदाच करता येतो. आम्ही अजून २०१४ चेच पुस्तक वापरतो, त्याची ही किंमत.)

मी चहाची सुट्टी जाहीर केली आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या पडद्याआडचा हिट पॉइंटचा आकडा फक्त मलाच दिसत होता आणि ७८ चे ११८ करायला एक खोडरबर पुरेसे होते. मी ते केले नाही; पण ते तत्त्वाखातर की बाहेर चाललेला जल्लोष मोडवेना म्हणून, हे खात्रीने सांगता येणार नाही.

पुढचे सेशन येत्या रविवारी आहे. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांनी आपण प्रत्यक्षात काय केले आणि त्याचा टेबलावर काय परिणाम झाला, ते सविस्तर लिहावे. त्याला इतक्या लवकर समोर आणायला नको होते, हे मला कळून चुकले आहे. तेवढे सोडून बाकी सगळे लिहा.

ठाणे

माझ्याकडे बंदरातल्या एका गुप्त पंथाचा प्रमुख चौथ्या सेशनमध्ये गेला. माझा चेहरा पडला, पण क्लेरिक (पुरोहित पात्र) खेळणाऱ्या मैत्रिणीने लगेच ‘स्पीक विथ डेड’ची घोषणा केली आणि तिथेच माझी सुटका झाली. या मंत्रात प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात, आणि ते त्याच्या हयातीत त्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच सांगू शकते. मी सेशन तिथेच थांबवले आणि पाच प्रश्न घरी बसून, आपसांत चर्चा करून, पुढच्या आठवड्यात लिहून आणा, असे सांगितले.

खलनायक मेल्यावर कथेत काय उरते, याची मी उगाच चिंता करत होतो. त्या पाच प्रश्नांनी खेळाडूंना कशाची उत्सुकता आहे ते मला आयते कळले. पंथाचा इतिहास मी सतरा पानांत लिहिला होता, त्याबद्दल एकही प्रश्न आला नाही. तीन प्रश्न एका हरवलेल्या जहाजाबद्दल होते, ज्याचा उल्लेख मी पहिल्या सेशनमध्ये केवळ वातावरणनिर्मितीसाठी केला होता.

आणखी एक बारकावा कामाला आला. प्रेत विचारणाऱ्याला शत्रू मानत असेल, तर खरे बोलण्याचे बंधन त्याच्यावर नसते. मी चार उत्तरे खरी दिली आणि ‘तुझ्या वर कोण होते?’ या पाचव्या प्रश्नाला दीपगृहाच्या निरपराध रखवालदाराचे नाव सांगितले. त्यावर तीन सेशन्स पाळत ठेवण्यात गेली. खोटेपणा उघड झाला तेव्हा सगळे चिडले, पण त्यांचा राग त्या मेलेल्या माणसावर होता, माझ्यावर नव्हता. तो जिवंतपणी त्यांना एवढा कधीच खुपला नसता.

न्यू जर्सी

वरच्या अनुभवाच्या नेमके उलटे मी केले, म्हणून लिहितो. आमचा गट चार मराठी घरांतला, दर शुक्रवारी रात्री मुले झोपल्यावर बसणारा. माझी खलनायिका एक वयस्क जादूगार होती. तिला पात्रांनी पुलावर गाठून मारले, आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो की तिचे शरीर वितळू लागले आहे आणि तुमच्या पायांशी फक्त बर्फ उरला आहे. ‘सिम्युलाक्रम’ या सातव्या स्तराच्या मंत्राने बर्फाची हुबेहूब प्रतिकृती बनवता येते. ती तशी बनवलेली आहे, हे मी त्या वाक्याच्या आधी कधीही ठरवले नव्हते.

टेबलावर शांतता पसरली. मला वाटले, थरार आहे. मग आमच्या गटातला हिशेबी खेळाडू वही उघडून म्हणाला, “सिम्युलाक्रमला मूळ व्यक्तीच्या निम्मे हिट पॉइंट असतात. आपण तिला एकूण १८७ मारले. म्हणजे खऱ्या म्हातारीला ३७० च्या वर आहेत का?” मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

त्यानंतर पात्रांनी कोणालाही मारले की खेळाडू आधी प्रेत तपासत, बोटाने टोचून पाहत, एकदा तर शेकोटीपाशी नेऊन ठेवत. सुरुवातीला त्यात विनोद होता. दोन महिन्यांनी उरला नाही. जिंकलेले आपल्याकडे राहील असा विश्वासच त्यांना उरला नव्हता, आणि विश्वास नसला की माणसे जोखीम घेत नाहीत, दरवाजे उघडत नाहीत, गप्प बसून डीएम काय करतो याची वाट पाहतात. शेवटी मी एका शुक्रवारी फासे बाजूला ठेवून कबुली दिली. त्यांना ते पहिल्याच रात्री कळले होते. आम्ही एकमताने ठरवले की पुलावर मेली ती खरीच होती, आणि पुढच्या सहा सेशन्समधला तिचा वावर तिच्या शिष्येचा होता, जिने तिचे रूप घेतले होते. ठिगळच ते, पण सगळ्यांनी मिळून लावलेले असल्याने टिकले.

ठाणे

शेकोटीपाशी नेलेले प्रेत वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो, क्षमस्व.

म्हापसा

छापील साहसकथा चालवणाऱ्यांचीही यातून सुटका नसते, एवढे नोंदवतो. मी ‘कर्स ऑफ स्ट्राड’ चालवत होतो. त्यातल्या व्हॅम्पायरला पुस्तकानेच भरपूर कवच दिले आहे: शवपेटीबाहेर हिट पॉइंट शून्यावर आले तरी तो मरत नाही, धुके होऊन निसटतो आणि दोन तासांत शवपेटी गाठतो. मात्र तो सूर्यप्रकाशात किंवा वाहत्या पाण्यात असेल तर ही पळवाट बंद होते. कथेतली सूर्यतलवार कुठे सापडणार हे सुरुवातीला पत्ते काढून ठरते, आणि आमच्या पत्त्यांनी ती पहिल्या गावाजवळच ठेवली. तिचा प्रकाश हा सूर्यप्रकाशच मानला जातो. मी त्याला मिजाशीत त्यांच्या समोर उभा केला, आणि लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह यशस्वी ठरवण्याची त्याची सोय) वापरायला घाईत विसरलो.

मी काहीही वाचवायचा प्रयत्न केला नाही. त्या प्रदेशाला वेढणारे धुके हटले, लोक रस्त्यावर आले, आणि कॅम्पेन तिथे संपले. वर्षभराचा बेत चार महिन्यांत आटोपला याचे दुःख मला एकट्यालाच होते. खेळाडू आजही ती लढाई सांगत असतात. न वापरलेल्या अर्ध्या पुस्तकातले दोन किल्ले पुढच्या कॅम्पेनला जसेच्या तसे कामी आले.

नाशिक

मी डीएम नाही. मी मारणारी आहे. माझ्या असासिनने (मारेकरी पात्राने) बेसावध खलनायकाला पहिल्याच फेरीत संपवले, तेव्हा आमच्या डीएमने वही मिटली आणि म्हणाला, “मला याचं पुढे काही सुचत नाहीये, आज इथेच थांबू या.” इतका प्रामाणिकपणा मला फार आवडला. पुढच्या वेळी त्याने आम्हाला काय दाखवावे याची मला मुळीच अपेक्षा नव्हती, पण माझ्या पात्राचे नाव गावात कुजबुजले जावे, एवढी मात्र होती. ते त्याने केले.

बंगळूर

धागाकर्त्याच्या प्रश्नावर मी इतिहासाकडे बोट दाखवीन, कारण आपण सगळे लहानपणापासून अशीच एक गोष्ट ऐकत आलो आहोत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडला, तेव्हा गोष्ट संपली नाही. १८ दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला, पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने त्याच पन्हाळ्याला वेढा दिला, आणि त्याच सुमारास शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. आदिलशाही त्यानंतरही १६८६ पर्यंत टिकली. खान गेला, तरी त्याला पाठवणारा दरबार शाबूत होता.

माझा लुटारूंचा सरदार सातव्या सेशनमध्ये गेला तेव्हा मी नवा खलनायक शोधला नाही. एका कागदावर तीन प्रश्न लिहिले: त्याच्या शिपायांचा पगार आता कोण देणार, त्याच्या भीतीने कोण गप्प होते, आणि त्याने कोणाला अडवून धरले होते. तिसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त दिले. उत्तरेकडची घाटवाट तो स्वतःच्या स्वार्थासाठी अडवून बसला होता. ती मोकळी झाल्यावर पलीकडचे जे खाली उतरले, त्यांच्यापुढे सरदार सज्जन होता. खेळाडूंचा विजय पूर्ण खरा राहिला आणि त्याचे बिलही त्यांनाच आले.

धागाकर्ता, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. खोडरबर न उचलल्याबद्दल न्यू जर्सीकरांचा अनुभव वाचून हायसे वाटले. बंगळूरचे तीन प्रश्न राजगुरूला लावून पाहिले. पहिल्या दोहोंतून फारसे निघाले नाही, पण तिसऱ्यावर अडखळलो: वेडसर राजाला औषध देऊन शांत ठेवणारा हाच होता, हे मी स्वतःच दोन महिन्यांपूर्वी लिहून विसरलो होतो. काल रात्री पॅलाडिनचा मेसेज आला की राजगुरूच्या बोटातली मुद्रा त्याने काढून घेतली आहे, चालेल ना? मी चालेल म्हणालो. त्या मुद्रेने उठवलेले तीन हुकूम अजून वाटेत आहेत, हे त्याला रविवारी कळेल.