एका 'सेट'ला मराठीत किती शब्द लागतात? पुस्तिका अडलीय

ब्लोअरवाला (कुपवाड)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं द्राक्षबागेच्या फवारणी ब्लोअरचं लहानसं वर्कशॉप आहे. पंप बाहेरून येतो आणि सोबत इंग्रजी पुस्तिका येते. तिचं मराठी करायचं काम भावानं माझ्या गळ्यात मारलंय, कारण घरात बी.ए. मी एकटाच.

पहिल्याच पानावर 'सेट'नं गाठलं. प्रेशर सेट करा. नोझलचा सेट तपासा. सेट स्क्रू आवळा. सीलंट सेट होऊ द्या. बागेकडं निघण्याआधी टाकी बघा म्हणायचंय, तर तिथंही 'सेट आउट'! डिक्शनरी उघडली आणि मिटून ठेवली. शॉपमधली पोरं सगळ्यालाच 'सेट कर' म्हणतात आणि त्यांचं काम अडत नाही. पण पुस्तिका जाणार जत-आटपाडीच्या माणसाच्या हातात, तिथं विचारायला पोरं नसणार. सगळीकडं चालेल असा एखादा शब्द आहे का? नसेल तर कुठं काय लिहू?

चहा_एकच_कट

सरळ 'सेट' लिहून मोकळा हो. 'प्रेशर स्थापित करा' असलं काही लिहिलंस तर लोक पंपापुढं नारळ फोडतील.

मिरजेच्या_बाई

एक शब्द नाही, शोधत बसू नका. नोकरीभर नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं, आणि मुलांनी सगळ्यांत जास्त गटांगळ्या असल्या दोन-तीन अक्षरी शब्दांतच खाल्ल्या. लांबलचक शब्द बिचारे सोपे असतात, त्यांना अर्थ एकच.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. तिच्यात सगळ्यांत लांब नोंद याच 'सेट'ची होती: क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आणि नोंदीची लांबी साठ हजार शब्दांच्या घरात. पुढं नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'नं ६४५ अर्थांनिशी त्याला मागं टाकलं.

आकड्यानं घाबरू नका. 'सेट' म्हणजे 'सिट'चं प्रयोजक रूप, बसणे आणि बसवणे. आपल्या 'बसवणे'चे अर्थ मोजलेत कधी? मोडलेलं हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, कविता चालीवर बसवतात. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'सेट'च येतं. जिथं बसवणे चालत नाही तिथं बहुतेक वेळा लावणे चालतं: गजर लावतो, सापळा लावतो, आग लावतो. मात्र उलटं गणित मांडू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक बसवलं, पण नाटक बसवण्याला इंग्रज 'सेट' म्हणत नाही. त्याचा सेट म्हणजे आपलं नेपथ्य. आमच्या मिरजेत तंबोरा लावतात, तिथंही त्याचा शब्द निराळा. म्हणून क्रियापदाकडं बघू नका, पुढं वस्तू कुठली आहे ते बघा. मराठीत क्रियापद वस्तूच ठरवते.

नोझलचा 'सेट' मात्र दुसऱ्या घराण्यातला. हे नाम जुन्या फ्रेंचमधून आलं, त्यामागं लॅटिनचा 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. पुढं इंग्रजीत दोघांची सरमिसळ झाली. त्याला 'संच' लिहा.

प्रेशर 'ठेवा', टाकी बघून 'निघा'. स्क्रूचं नाव तुमच्या फिटरला विचारा, मला नको.

तासगावचा_बागवाला

बाई, आमचं 'सेटिंग' राहिलं की. ऑक्टोबर छाटणी झाली, घड निघाला, फुलोरा आला की पुढं मणी सेटिंग. फुलोऱ्यात पाऊस लागला तर मणीगळ, घडकूज, सगळा वांदा. आमचा आजा याला 'मणी धरला' म्हणायचा. आता कृषी सेवा केंद्रापासून व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळे सेटिंगच म्हणतात.

ब्लोअरवाले, तुम्ही नीट ऐका. पुस्तिकेत 'सेटिंगच्या वेळी प्रेशर कमी करा' असं छापलंत, तर शंभरातला एकही बागायतदार पंपाचं सेटिंग समजणार नाही. सगळे मण्याचं समजतील आणि ऐन फुलोऱ्यानंतरची फवारणी कमी प्रेशरनं मारतील. मग शिव्या कुणाला?

गिलावा_पक्का

हा मुद्दा लाखाचा.

सीलंटसाठी माझी भर. बहुतेक जण 'सुकू द्या' लिहितात, ते चूक. सिमेंट सुकून सेट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते धरतं. म्हणून तर आम्ही वरून पाणी मारतो. आपल्या मानकाप्रमाणं साध्या पोर्टलँड सिमेंटला धरायला सुरुवात व्हायला निदान ३० मिनिटं लागली पाहिजेत आणि ६०० मिनिटांच्या आत ते पुरतं धरलं पाहिजे. त्यानंतर ताकद येत राहते ती वेगळी, तिला सेट होणं म्हणत नाहीत. गॅस्केटला लावायचं ट्यूबमधलं सिलिकॉनही हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. 'सुकू द्या' वाचून कुणी पंप उन्हात ठेवायचा किंवा वर हीटर धरायचा. 'घट्ट होऊ द्या' लिहा आणि पुढं ट्यूबवर छापलेला वेळ टाका.

ब्लोअरवाला (कुपवाड)

सगळ्यांचे आभार. बागवाल्यांचं वाचून घाम फुटला, कारण पान चारवर 'सेटिंग' हेच मथळ्यात होतं. तिथं आता 'प्रेशर किती ठेवावं' केलंय. सेट स्क्रूला आमचा फिटर ग्रब स्क्रू म्हणतो, तेच राहील. सीलंट घट्ट होऊ दिलं.

एकाच ठिकाणी भांडण आहे. भाऊ म्हणतो 'नोझलचा संच' नको, गिऱ्हाईक काउंटरवर येऊन 'सेट द्या'च म्हणतं, बिलावरही तेच छापतो. बाई, त्याचं ऐकू का?

मिरजेच्या_बाई

ऐका. बिलावर आणि पुस्तिकेत एकाच मालाची दोन नावं नकोत. पान चार मात्र छापायच्या आधी बागवाल्यांना दाखवा, मला नाही दाखवलंत तरी चालेल.