विमानांच्या कसरतींचे निवेदन: नुसता जोश पुरे का?

धरमपेठकर:
"विमाने पाहायला आलेल्यांना माहिती कशाला हवी, निवेदकाने जोश भरला म्हणजे झाले," हे काल येथे मांडलेले मत मला मुळीच मान्य नाही. परवा नागपूरच्या आकाशात हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या पथकाची हॉक विमाने आली, तेव्हा सूत्रसंचालकाने ती ध्वनीपेक्षा वेगाने येत असल्याचे ठणकावून सांगितले. हॉक एमके-१३२ सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग गाठत नाही. वस्तीवर इतक्या खालून कोणी तो ओलांडला, तर घरांच्या काचा फुटतील. समोरासमोर येऊन एकमेकांना छेदणारी दोन विमाने 'थोडक्यात बचावली', असेही तो म्हणाला. त्या दोघांच्या वाटा मुळातच अंतर राखून आखलेल्या असतात आणि ते अंतर आपल्या नजरेच्या रेषेत येत असल्याने दिसत नाही, एवढे सांगितले असते तर वैमानिकांचे कसब लोकांना कळले असते. बचावली म्हटले की सगळे श्रेय नशिबाला जाते.

निवृत्त तंत्रज्ञ, वायुसेनानगर:
सर्वांना एकाच मापाने मोजू नका. सूर्यकिरणचे निवेदन त्यांच्याच पथकातील अधिकारी करतो. आपण ज्याच्यावर चिडला आहात, तो आयोजकांनी बोलावलेला सूत्रसंचालक होता. ढग खाली उतरले की उंचावरच्या कसरती गळतात, घार आडवी आली की फेरी सोडावी लागते आणि हातातला कागद कुचकामी ठरतो. अशा वेळी बोलत राहणे सोपे नाही.

महालवासी:
मूळ दुखणे निराळेच आहे. संपूर्ण कार्यक्रमात मराठीचे एक वाक्य कानी पडले नाही. माझे वडील तिरंगी धुराकडे बोट दाखवून विचारत होते, "इंजिन पेटलं का गं?" इंजिनाच्या गरम झोतात डिझेल आणि रंग सोडून तो धूर करतात, हे मी त्यांना सांगितले, शेजारच्या कुटुंबाला कोणी सांगायचे?

निवृत्त तंत्रज्ञ, वायुसेनानगर:
नागपुरात हिंदी कोणाला कळत नाही? प्रेक्षकांत देशभरातील कुटुंबे असतात. प्रत्येक चर्चेत भाषेचा वाद ओढून आणू नका.

महालवासी:
हिंदी कळते म्हणून मराठी नकोच, हा कुठला न्याय? आपल्याच गावात आपली भाषा मागणे म्हणजे वाद ओढून आणणे नव्हे, आणि हे मला पुन्हा ऐकवू नका.

धरमपेठकर:
मराठी हवीच, पण चुकीची माहिती मराठीतही चुकीचीच राहील. निवेदक कोणीही असो, आयोजकांनी त्याला आदल्या दिवशीच्या सरावाला पथकातील अधिकाऱ्याशेजारी उभे करावे.

निवृत्त तंत्रज्ञ, वायुसेनानगर:
सरावाची सूचना रास्त आहे आणि ध्वनीच्या वेगाबद्दलचे आपले म्हणणेही बरोबर आहे, एवढे मान्य करतो. 'थोडक्यात बचावली' या दोन शब्दांवरचा राग मात्र मला अजूनही अनाठायी वाटतो.