जखम नसताना ड्रेसिंग कशासाठी?

विनय: आईच्या माकडहाडावर काल परिचारिकेने फोमचे ड्रेसिंग लावले. तेथे जखम नाही, मग हे कशासाठी, असे विचारल्यावर ‘बेडसोर होऊ नये म्हणून’ एवढेच उत्तर मिळाले. ताई, तू अतिदक्षता विभागात इतकी वर्षे काढली आहेस. याचा खरोखर उपयोग होतो का?

ताई: होतो. खाटेची डोक्याकडची बाजू उचलली की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. त्या वेळी कातडी चादरीला धरून जागीच राहते, आतले हाड मात्र सरकते आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन दबतात. सिलिकॉनचा थर असलेले अनेक पदरी फोम ही ओढ बरीचशी आपल्या पदरांत जिरवते आणि घामही शोषून घेते. मेलबर्नमध्ये गंभीर आजारी व अपघातग्रस्त अशा ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत असे ड्रेसिंग लावलेल्यांपैकी ३.१ टक्के, तर न लावलेल्यांपैकी १३.१ टक्के रुग्णांना दाबामुळे व्रण झाले. नेहमीची शुश्रूषा मात्र दोन्ही गटांना मिळत होती, हे विसरू नका.

नानाकाका: म्हणजे आता रात्री उठून कूस बदलायला नको. शिवाय माझ्याकडे मधे भोक असलेली रबरी गादी पडून आहे, तीही पाठवतो.

ताई: काका, कूस बदलावीच लागेल, कारण वरून येणारा दाब ड्रेसिंगने हटत नाही. ती गादी कृपया पाठवू नका. तिच्या कडांवर भार येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठाच कमी होतो. (आमच्या विभागातही ती एके काळी सर्रास वापरली जाई.)

मेधा: ताई, खालची त्वचा पाहायची कशी? रोज ड्रेसिंग काढले तर त्वचा सोलली जाईल, अशी भीती वाटते.

ताई: मेधा, पूर्ण काढू नकोस. सिलिकॉनचा चिकटपणा सौम्य असतो, म्हणून एक कड अलगद उचलून पाहावे आणि तीच पुन्हा बसवावी. लाली दिसल्यास बोटाने दाबावे. बोट उचलल्यावर ती जागा क्षणभर फिकी झाली नाही, तर इजेची सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तेव्हा तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरा लागतो का, हेही हाताने पाहावे. ड्रेसिंग मळले, भिजले किंवा सुटले तर बदलावे. त्याखाली क्रीम किंवा पावडर लावू नये, नाहीतर ते धरत नाही.

मेधा: आत्ताच पाहिले. माकडहाडावरची त्वचा स्वच्छ आहे, फक्त ड्रेसिंगचा खालचा कोपरा मुरडला आहे. डाव्या टाचेवर मात्र बोटाच्या पेराएवढा लालसर डाग आहे आणि दाबल्यावर तो फिका होत नाही.

ताई: तो डाग चोळू नकोस. पोटरीखाली लांबट उशी अशी ठेव की टाच गादीला मुळीच टेकणार नाही, आणि परिचारिकेला आजच बोलावून दोन्ही टाचा दाखव.