एचबी ९६१: सोमवारच्या आत आपल्या सिनेटरला लिहा

प्रेषक: व. जो., फेअरफॅक्स
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२०

मंडळी, नमस्कार.

काल रिचमंडला व्हर्जिनिया विधिमंडळाच्या हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, एचबी ९६१ हे बंदुकांवरच्या बंधनांचं विधेयक मंजूर केलं, ५१ विरुद्ध ४८. अलेक्झांड्रियाचे डेलिगेट मार्क लेवाइन यांचं हे विधेयक. आता ते सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, ज्युडिशियरी कमिटीपुढे सोमवारी, १७ तारखेला येतंय. कमिटीत १५ जण आहेत. आपल्यापैकी फेअरफॅक्स सिटी, ओकटन, व्हिएन्ना भागात राहणाऱ्यांचे सिनेटर चॅप पीटरसन त्यांतलेच एक, म्हणून हा मेल.

माझ्याकडे दोन पिस्तुलं आणि एक रायफल आहे. गेली कितीतरी वर्षं मी रेंजवर नेमबाजी करतो. आपल्या मंडळात असे आणखी लोक आहेत. काहींची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, काही शिकारीला जातात. पण पाडव्याच्या जेवणात हा विषय कोणी काढत नाही. लोक काय म्हणतील, हा आपला जुना धाक. त्याचा परिणाम असा की बंदूक बाळगणारा म्हटलं की आमदारांच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो आणि तो आपला नसतो. मला हे मनापासून खटकतं.

विधेयकात आहे काय ते सांगतो. एआर-१५ सारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या विक्रीवर बंदी. आधीपासून ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या ठेवायच्या. नोंदणीची अट होती, ती सुधारित मसुद्यात काढली. पण १२ पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीत बसणारी गोळ्यांची डबी) नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा. ग्लॉक १९ हे अगदी सर्रास विकलं जाणारं पिस्तूल, त्याचं कारखान्यातून येणारं मॅगझिनच १५ गोळ्यांचं. रीतसर तपासणी होऊन, पैसे मोजून घेतलेली वस्तू कपाटात तशीच पडून राहिली म्हणून मी गुन्हेगार ठरणार. माझा मुख्य विरोध या कलमाला आहे. प्रत्येक विक्रीआधी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासावी, या एसबी ७० ला माझा पाठिंबा आहे आणि तसं मी लिहूनही कळवलं आहे.

२० जानेवारीला बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठीच्या मेळाव्याला मी रिचमंडला गेलो होतो. पोलिसांच्या अंदाजाने २२,००० माणसं होती. गव्हर्नर नॉर्दम यांनी आणीबाणी जाहीर करून कॅपिटॉलच्या (विधानभवनाच्या) आवारात शस्त्रबंदी केली होती, त्यामुळे ६,००० च्या आसपास लोक एकाच फाटकातून तपासणी करून घेऊन आत गेले. बाकीचे बाहेर रस्त्यांवर, त्यातले बरेच हत्यारांसकट. एवढा जमाव, पण सगळं शांततेत पार पडलं. टीव्हीवर मात्र दिवसभर लष्करी कपड्यांतले रायफलवाले तेवढे दिसले. माझ्या लेखी त्या दिवसाचं खरं काम पोकाहॉन्टस बिल्डिंगमध्ये झालं, जिथे आमदारांची कार्यालयं आहेत. तिथल्या मदतनिसाने मला तीनच गोष्टी विचारल्या: पत्ता काय, विधेयकाचा नंबर काय, आणि तुम्हाला काय हवंय. पत्ता मतदारसंघातला निघाला तेव्हा त्याने वही पुढे ओढली.

तेव्हा लिहा. चार ओळी पुरेत, पण स्वतःच्या. संघटनेचा तयार मजकूर चिकटवू नका. शंभर सारखी पत्रं एका गठ्ठ्यात जातात.

— व. जो.

---

प्रेषक: सु. के., व्हिएन्ना
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२०

काका, नमस्कार.

तुम्ही नाव लावून लिहिलंत, याचा आदर आहे. मीही पीटरसन यांच्याच मतदारसंघात राहते आणि आज रात्री त्यांना लिहिणार आहे: विधेयक मंजूर करा.

१६ एप्रिल २००७ ला मी ब्लॅक्सबर्गला शिकत होते. त्या सकाळी व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून आलेली एक विद्यार्थिनी होती आणि तमिळनाडूहून येऊन तिथे वर्षानुवर्षं शिकवणारे आमचे एक प्राध्यापकही. मारणाऱ्याकडे रायफल नव्हती, दोन पिस्तुलं होती. त्यांतलं एक तुम्ही लिहिलंय तेच, ग्लॉक १९, पंधरा गोळ्यांच्या मॅगझिनसकट. तुम्हाला दुखवण्यासाठी हे लिहीत नाहीये. तो आकडा वाचल्यावर मला हेच आठवतं, दुसरं काही आठवूच शकत नाही.

आणि गेल्या ३१ मे ला व्हर्जिनिया बीचच्या पालिकेत १२ जण गेले. तिथेही पिस्तुलंच होती, जास्त गोळ्यांची मॅगझिन्स लावलेली. जुलैत गव्हर्नरांनी खास अधिवेशन बोलावलं, ते दीड तासात एकाही विधेयकावर मत न घेता गुंडाळलं गेलं. नोव्हेंबरमध्ये दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे गेली त्यामागे तो राग होता. आपले भारतीय वंशाचे गझाला हाश्मी आणि सुहास सुब्रमण्यम निवडून आले त्याच निवडणुकीत. आपल्यातल्या कितीतरी जणांनी दारोदार जाऊन मतं मागितली, मीही मागितली. आता रिचमंडला २२,००० माणसं आली म्हणून सिनेटने पाय मागे घेतला, तर त्या मतांचं काय झालं म्हणायचं?

माझ्या आजोबांकडे साताऱ्याला बारा बोअरची परवान्याची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

— सु. के.

---

प्रेषक: दि. भो., हॅरिसनबर्गजवळ
गुरुवार, १३ फेब्रुवारी

ताई, तुमचं दुःख समजतं. पण माझं मोटेल आय-८१ महामार्गाच्या कडेला आहे. रात्री दोनला काउंटरवर मी किंवा बायको, दोघांपैकी एकजण. शेरीफची गाडी काउंटीच्या दुसऱ्या टोकाला असली तर वाट बघत बसायचं. साताऱ्यात परवाना द्यायचा की नाही ते कलेक्टर ठरवतात. इथे राज्याच्या संविधानात कलम १३ मध्ये हा हक्क लिहिलेला आहे, मागून घ्यावा लागत नाही. शंभराहून जास्त काउंट्या-शहरांनी नव्या कायद्यांविरुद्ध ठराव केलेत ते उगाच नाही. मी माझ्या सिनेटरना फोन केलाय.

— दि. भो.

---

प्रेषक: म. शि., हर्नडन
गुरुवार, १३ फेब्रुवारी

मी एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे, मत देता येत नाही. मी लिहिलेलं चालतं का? की व्हिसाला काही त्रास होईल?

— म. शि.

---

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
गुरुवार, १३ फेब्रुवारी

सर्वांना विनंती. मंडळ ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था म्हणून, नोंदलेलं आहे. उमेदवाराचा प्रचार आपल्याला पूर्ण वर्ज्य. विधेयकांबाबत कायदा थोडीफार मुभा देतो, पण कार्यकारिणीने ती वापरायची नाही असं ठरवलं आहे. आपापल्या नावाने काय हवं ते लिहा; मंडळाचं नाव, लेटरहेड, पद कुठेही येऊ देऊ नका. इथली चर्चा चालू राहू द्या. आतापर्यंत सगळ्यांनी नीट लिहिलंय.

---

प्रेषक: व. जो., फेअरफॅक्स
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हर्नडनच्या मित्राला आधी सांगतो. बेलाशक लिही. मतदारसंघ आखताना सगळी लोकसंख्या मोजतात, नुसते नागरिक नाही. तू त्यांचा रहिवासी आहेस आणि आपलं म्हणणं सरकारपुढे मांडणं हा इथे सगळ्यांचाच हक्क. बंदूक बाळगण्याचे नियम मात्र तुझ्यासाठी वेगळे आहेत. एच-१बी वर असताना शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू होत नसेल तर बंदूक घेता येत नाही. रेंजवर बोलावलं तरी आधी वकिलाला विचार.

ताई, तुमचा मेल मी दोनदा वाचला. तुम्ही तिथे होतात, मी नव्हतो. पण टेकच्या घटनेनंतर गव्हर्नर केन यांनी नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल काढून बघा. दहा गोळ्यांचं मॅगझिन असतं तरी त्या दिवशी फारसा फरक पडला नसता, असं त्यात म्हटलंय. मला सगळ्यात लागलं ते दुसरंच. डिसेंबर २००५ मध्ये त्या गोळीबार करणाऱ्या मुलाला न्यायाधीशांनी मानसिक उपचारांचा आदेश दिला होता. अशा माणसाला बंदूक विकायला केंद्रीय कायद्याची मनाई होती. पण दवाखान्यात भरती न करता बाहेरून उपचार घ्यायला सांगितलं की ती नोंद व्हर्जिनिया तपासणीच्या यादीत घालतच नसे. दुकानदाराने तपासणी केली, यादीत नाव नव्हतं, बंदूक दिली. ते भोक केन यांनी दोन आठवड्यांत एका आदेशाने बुजवलं. मला असे कायदे हवेत, ज्यांनी चुकीच्या माणसाच्या हाती बंदूक जाणंच थांबेल. बरोबर माणसाच्या कपाटात काय आहे ते मोजण्यात वेळ घालवू नका, हेच मी पीटरसन यांना लिहिलंय.

— व. जो.

---

प्रेषक: सु. के., व्हिएन्ना
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काका, अहवाल मला माहीत आहे. त्यातल्या त्या वाक्याशी मी तेव्हाही सहमत नव्हते. मॅगझिन बदलायला लागणाऱ्या वेळात एखादं माणूस खिडकीतून उडी मारू शकतं. टेकच्या नॉरिस हॉल या इमारतीत मुलं खिडक्यांतूनच उड्या मारून वाचली. पण यादीतल्या त्या भोकाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

— सु. के.

---

प्रेषक: व. जो., फेअरफॅक्स
सोमवार, १७ फेब्रुवारी

मंडळी, कमिटीने एचबी ९६१ पुढच्या वर्षावर ढकललं, १० विरुद्ध ५. रिपब्लिकनांबरोबर चार डेमोक्रॅट गेले: एडवर्ड्स, डीड्स, सुरोवेल आणि आपले पीटरसन. विधेयक आता राज्याच्या क्राइम कमिशनकडे अभ्यासाला जाईल. एसबी ७० आणि महिन्याला एकच हँडगन विकत घेता येईल हे विधेयक, दोन्ही अजून वाटेत आहेत.

ज्यांनी लिहिलं, फोन केले, त्यांचे आभार. उलट बाजूने लिहिणाऱ्यांचेही, मनापासून.

— व. जो.

---

प्रेषक: सु. के., व्हिएन्ना
सोमवार, १७ फेब्रुवारी

मला वाईट वाटलंय, ते लपवत नाही. पीटरसन यांच्या कार्यालयात फोन करून नाराजी नोंदवली. क्राइम कमिशनचा अभ्यास सुरू झाला की तिथेही पत्र जाणार.

काका, एक विचारते. एचबी १०८३ अजून जिवंत आहे. १४ वर्षांखालच्या मुलाच्या जिवाला धोका होईल अशी भरलेली बंदूक बेफिकिरीने उघड्यावर ठेवली, तर आजच्या कायद्यात फक्त दंड, तोही जास्तीत जास्त ५०० डॉलर. ही शिक्षा वाढवायची आहे. आपली मुलं एकमेकांकडे झोपायला जातात. बंदूक बाळगणाऱ्या माणसाने या बाजूने लिहिलं, तर माझ्या पत्रापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल.

— सु. के.

---

प्रेषक: व. जो., फेअरफॅक्स
सोमवार, १७ फेब्रुवारी

लिहितो. माझी तिन्ही हत्यारं तिजोरीत असतात, गोळ्या वेगळ्या कुलपात. मसुदा आज रात्री तुम्हाला पाठवतो, एकदा नजर घाला. हॅरिसनबर्गच्या भाऊंनाही सही करायला विचारतो. त्या बाजूच्या सिनेटरकडे माझ्यापेक्षा त्यांचा शब्द चालेल.

— व. जो.