परदेशात ऐन संपात सापडलात तेव्हा काय केलंत?

आईबाबांना घेऊन इटलीत होते. फ्लोरेन्सहून सकाळी दहाच्या गाडीने पिसाला जायचं ठरलं होतं. आदल्या रात्री हॉटेलातल्या काकू "शोपेरो, शोपेरो" म्हणत हातांनी फुली दाखवू लागल्या. शोपेरो म्हणजे संप. शोधाशोध केल्यावर कळलं की तिथे 1990च्या कायद्यानुसार संपाची सूचना निदान 10 दिवस आधी द्यावी लागते. शिवाय कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक स्थानिक गाड्या सोडाव्याच लागतात. तारीख केव्हाच जाहीर झाली होती, मी पाहिलीच नव्हती. मग पावणेआठची गाडी धरली. परतताना संध्याकाळपर्यंत आर्नोच्या काठी बसून राहिलो. बाबांचे गुडघे दुखत होते, फार वाईट वाटलं.
तुमचे अनुभव लिहा, पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

पॅरिस, डिसेंबर 2019. पेन्शनच्या बदलांविरुद्ध 5 तारखेपासून संप सुरू झालेला. मोंमार्त्रजवळ खोली, आणि आमची मेट्रो बंद. रोज तीनेक किलोमीटर कॉन्कोर्द स्थानकापर्यंत पायी जायचो, कारण 1 आणि 14 नंबरच्या मार्गांवरच्या गाड्यांना चालक लागत नाही, त्या चालू होत्या. गर्दी मात्र अशी की मुलीला खांद्यावर घ्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी सरळ गार द ल्यों स्थानकाजवळ खोली घेतली, तिथे दोन्ही मार्ग मिळतात. खर्च वाढला, पण सहल वाचली. मोर्चाही जवळून पाहिला. माझा भाऊ एसटीत वाहक आहे, मला त्या चालकांचा राग नाही आला. पेन्शन हे म्हातारपण असतं.

लंडन, सप्टेंबर 2025. संपामुळे ट्यूब (तिथली भुयारी रेल्वे) ठप्प, पण हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन चालू होती. दाटीवाटीने का होईना, पोचलो.

मी जर्मनीत राहतो. जानेवारी 2024 मध्ये इंजिनचालकांनी सहा दिवसांचा संप जाहीर केला आणि त्यातच आई पहिल्यांदा, एकटी, फ्रँकफर्टला उतरणार होती. तिला भाषा येत नाही. बातमी ऐकताक्षणी लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं काढली. संध्याकाळपर्यंत त्या बस भरल्या. आदल्या दिवशीच जाऊन विमानतळाजवळ राहिलो. बाहेर येताना तिने मला लांबूनच पाहिलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. रेल्वेचं तिकीटही वाया गेलं नाही, ठरलेल्या गाडीचं बंधन काढलं होतं, तेच पुढे वापरलं.

ताई, इटलीतल्या हमीच्या वेळा रविवारी असतात का? मे महिन्यात रविवारीच आमचं रोमहून विमान आहे.

नाही, रविवारी आणि सणाला स्थानिक गाड्यांना त्या वेळा लागू नसतात. संपाची तारीख जुळून आली तर शनिवारी रात्रीच विमानतळाजवळ मुक्काम करा.